छोट्या छेदातून व्हॉल्व्ह दुरुस्ती : वयस्कर पेशंटमधली गुंतागुंत

छातीचं मधलं हाड न कापता उजव्या बाजूला दोन बरगड्यांमधून साधारण 5 ते 7 सेंटीमीटरचा छेद घेऊन हृदयाची झडप (व्हॉल्व्ह), बहुतेक वेळा मायट्रल म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, नीट करतात, त्यात सत्तरीपुढच्या माणसांना काय काय त्रास होऊ शकतो त्याची ही नोंद. मुंबईत घरोघरी याला ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणतात आणि घोळ तिथेच होतो, ऑपरेशन किरकोळ वाटतं, पण छेद छोटा असला तरी हृदय-फुफ्फुसांचं काम तेवढ्यापुरतं करणारं हार्ट-लंग मशीन लागतंच, हृदयही बहुतेक वेळा थांबवावं लागतं, उलट अडचणीच्या जागेतून काम म्हटल्यावर मशीनवरचा वेळ बऱ्याचदा जास्तच जातो.

खरी गोची जांघेत आहे. मशीनच्या नळ्या जांघेतल्या धमनीतून आणि शिरेतून घालतात, म्हणजे रक्त खालून वर उलटं ढकललं जातं, आणि म्हातारपणी महाधमनीत कॅल्शियम, चरबी साचलेली असते, त्यातला एखादा कण सुटून मेंदूत गेला की लकवा. कधी धमनीचा आतला पदर फाटतो, कधी पायाला रक्त कमी पडतं. म्हणून आधी सीटी अँजिओग्राफी करून सगळ्या रक्तवाहिन्या बघून घेतात, आणि त्या खराब निघाल्या तर सरळ हाड कापून केलेलं बरं. ऐन ऑपरेशनमध्ये छाती उघडायची वेळ आली तर नातेवाईक डॉक्टरवर चिडतात, पण बऱ्याचदा तोच शहाणपणा असतो.

नंतरच्या दोन-चार दिवसांत ठोके अनियमित होणं तर इतकं कॉमन की तिघांतल्या एकाला तरी होतंच. किडनी आधीच कमजोर असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसल्याची खूण) वाढतं. छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याची उजव्या बाजूची नस दुखावली तर दम लागतो, आणि गिरगावातल्या बिनलिफ्टच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला तो लगेच कळतो. आयसीयूत रात्री भ्रमही होतो, एखादे आजोबा नर्सला विरार फास्ट कितीची आहे विचारत नळ्या ओढायला लागतात, घरचे घाबरतात, पण बहुतेकांचं काही दिवसांत उतरतं, आणि चष्मा, कानाचं मशीन लवकर परत दिलं तर खूप फरक पडतो.

लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने जाड, कडक झालेली झडप आपल्याकडे बरीच दिसते, ती दुरुस्त केली तरी टिकेलच असं नाही, मग बदलावीच लागते.

फारच थकलेल्यांसाठी क्लिप. 1991 मध्ये इटलीतल्या अल्फिएरी या सर्जननी झडपेच्या दोन पाकळ्या मधोमध टाका घालून जोडल्या, तेच काम क्लिप जांघेतल्या शिरेतून जाऊन करते, मशीन लागत नाही. पण झडपेतून रक्ताची उलटी गळती थोडी उरू शकते, क्लिप एका पाकळीवरून सुटू शकते, जांघेत रक्तस्राव होतो.

घरी आल्यावर रक्त पातळ करायची गोळी, बऱ्याच जणांना अ‍ॅसिट्रॉम, काही महिने तरी चालते. पालेभाज्यांनी या गोळीचा असर कमी होतो, तरी मेथी-पालक बंद करायची गरज नसते, फक्त एका आठवड्यात रोज आणि पुढच्यात अजिबात नाही असं केलं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, हलतो, आणि म्हाताऱ्या माणसाला तोल जाऊन पडल्यावर डोक्यात रक्तस्राव व्हायची भीती असते ती याच गोळीमुळे.