गिटारचा अ‍ॅम्प घेताय? व्हॉल्व, ट्रान्झिस्टर की मॉडेलिंग

रत्नागिरीतल्या आमच्या दुकानात बरेच जण विचारतात, "व्हॉल्वचा अ‍ॅम्प मागवून द्याल का?" देऊ की. पण ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा.

व्हॉल्वचं, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळीचं, कौतुक उगीच नाही. आवाज वाढवत नेला की व्हॉल्व हळूहळू दबतो, सिग्नलची टोकं गोलसर होतात. हात हलका केला की तोच अ‍ॅम्प पुन्हा स्वच्छ वाजतो. तेच काम करणारा साधा ट्रान्झिस्टर मात्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मर्यादा ओलांडली की टोकं सपाट छाटतो. ते कानाला टोचतं. म्हणून चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये ओव्हरड्राइव्ह (मुद्दाम फाटवलेला आवाज) प्रीअ‍ॅम्पमध्येच, म्हणजे पॉवरच्या आधीच्या टप्प्यात, तयार करतात आणि पॉवरला वाव राखून ठेवतात. ड्रमच्या जोडीला व्हॉल्वचे ३० वॅट पुरत असतील, तर ट्रान्झिस्टरचे ६० तरी घ्या.

स्वच्छ आवाजच हवा असेल तर ट्रान्झिस्टरला नाकं मुरडू नका. रोलँडचा जेसी-१२० हा १९७५चा अ‍ॅम्प: १२ इंची दोन स्पीकर, प्रत्येकाला ६० वॅट, आणि तो प्रसिद्ध कोरस (एकाच गिटारला अनेक वाजल्याचा भास देणारा इफेक्ट). ऑर्केस्ट्रात कॉर्डची साथ करणाऱ्याला आणखी काय लागतं?

मॉडेलिंगमध्ये सिग्नलचे आकडे होतात आणि व्हॉल्व, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, माइक या सगळ्यांचं काम प्रोसेसर गणिताने करतो. लाइन ६ कंपनीचा पॉड हा मॉडेलर १९९८ला आला. केम्पर कंपनीने २०११मध्ये खऱ्या अ‍ॅम्पमधून ठरावीक सिग्नल सोडून त्याची छापच उचलली. फेंडरचा व्हॉल्वचा ट्विन रिव्हर्ब साधारण २९ किलोचा. २०१९चा त्याचा मॉडेलिंग अवतार १५ किलोच्या आसपास. रिक्षातून उतरवून मंडपापर्यंत नेताना हा फरक कळतो. आवाज शंभर मिळतात, वापरात तीनच राहतात, त्यामुळे आकड्याला भुलू नका.

काचेमागे एकच व्हॉल्व आणि तो तापल्याचा भास व्हावा म्हणून पाठी नारिंगी एलईडी असेल, तर त्या उजेडाचे पैसे देऊ नका.

आता आपल्याकडची गोष्ट. व्हॉल्वच्या अ‍ॅम्पमध्ये आत ३०० ते ४५० व्होल्ट खेळतात. पावसाळ्यात सॉकेटच्या पिनांवर ओल आणि खारी हवा बसली की कडकड सुरू. त्यातून व्हॉल्व झिजणारी वस्तू, बदलायला बाहेरून मागवावी लागते. गणपतीत जनरेटरचा व्होल्टेज खाली-वर झाला की व्हॉल्व तापवणाऱ्या हीटरचाही होतो. अनेक मॉडेलिंग अ‍ॅम्पच्या पाठीमागे '१००–२४० व्होल्ट' लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. चढउतार तो बराच सोसतो. उलट बाजूही आहे: मॉडेलिंगचा बोर्ड गेला की बहुधा अख्खा बदलावा लागतो, साधा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आम्ही इथेच उघडतो. बाहेर फारसं न वाजवणाऱ्याला आम्ही तोच सुचवतो.

स्पीकर न जोडता व्हॉल्वचा अ‍ॅम्प कधीच चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प तसा जळणार नाही, पण पाठीमागे लिहिलेल्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर त्याला लावू नका. चालू करताच मोठी घरघर आली आणि स्पीकरचा कोन पुढे किंवा मागे जाऊन तिथेच अडकला, तर लगेच प्लग काढा. बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो आणि कॉइल जळायला वेळ लागत नाही.

अ‍ॅम्प ऐकायला येताना आपलीच गिटार आणा, आणि पेडल वापरत असाल तर तेही. पावसातून आणलेला अ‍ॅम्प मात्र चालू न करता तसाच आमच्याकडे ठेवा, आधी सुकवतो.