झोपेचं पथ्य वेगळं, निद्रानाशाचा उपचार वेगळा

झोप येत नाही म्हटलं की सोलापुरात कुणीही चार सल्ले लगेच देतं. संध्याकाळनंतर चहा नको, मोबाईल लांब ठेव, दुपारी लवंडू नकोस, रोज ठरल्या वेळेला पड. सल्ले खोटे नाहीत. वैद्यकात त्यांना स्लीप हायजीन म्हणतात. १९७७ मध्ये पीटर हाउरी या मानसशास्त्रज्ञाने निद्रानाशाच्या रुग्णांसाठी असे नियम मांडले आणि पुढे ते जगभरच्या दवाखान्यांत पोचले. इथे आपण त्यांना झोपेचं पथ्य म्हणू. जडलेल्या निद्रानाशाचा उपचार मात्र निराळा आहे. त्याचं नाव कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी फॉर इन्सोम्निया, थोडक्यात सीबीटी-आय, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार. या दोन्हींची गल्लत होते आणि सगळं पथ्य पाळूनही जागा राहणारा माणूस शेवटी स्वतःलाच दोष देत बसतो. ते मला बघवत नाही.

आधी पथ्याचं श्रेय पथ्याला. २०१३ मधल्या एका प्रयोगात झोपण्याच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी लोकांची झोप तासाभराहून जास्त घटली. ४०० मिलिग्रॅम म्हणजे साधारण आठ-दहा कप चहा. एवढा कुणी एका वेळी पीत नाही, पण संध्याकाळचा चहा रात्रीपर्यंत अंगात उरतो हे त्यातून कळतं. अंघोळीचंही तसंच. झोपण्याच्या तास-दोन तास आधी गरम पाण्याने अंघोळ केली की कातडीकडे रक्त वाढतं, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीर थंडावत झोपेकडे जातं. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं. म्हणूनच एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ ला टेकला की पत्र्याच्या घरात रात्री तळमळ होते आणि माणसं अंथरूण घेऊन गच्चीवर जातात. गच्चीवर जाणं हे उत्तम पथ्यच आहे.

पण अशी तळमळ म्हणजे निद्रानाश नव्हे. निद्रानाशाच्या व्याख्येत एक अट आहे: झोपायला पुरेसा वेळ आणि बरी जागा असूनही झोप लागत नाही, टिकत नाही किंवा फार लवकर मोडते, त्याचा दिवसा त्रास होतो, आणि हे आठवड्यातून किमान ३ रात्री, किमान ३ महिने चालतं. नळाला अवेळी पाणी येणार म्हणून पहाटे उठणारी बाई, शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात पडलेला म्हातारा, रात्रपाळी करून आलेला आणि भर दुपारच्या उन्हात झोपू पाहणारा यंत्रमाग कामगार यांना झोपेची संधीच मिळत नाही. त्यांना आजारी ठरवू नये.

खरा निद्रानाश जडतो कसा, हे आर्थर स्पीलमन या संशोधकाने नीट उलगडलं. काहींचा स्वभावच हलक्या झोपेचा असतो. त्यात एखादं निमित्त होतं: कारखाना बंद पडतो, घरात कुणी जातं, मुलीचं लग्न जमता जमत नाही. काही रात्री जागरणात जातात. निमित्त पुढे सरतं, पण मधल्या काळात माणसाने झोपेची भरपाई करायला लावून घेतलेल्या सवयी मागे राहतात. तो साडेनऊलाच अंथरुणावर पडतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, रात्री घड्याळ बघून किती तास उरले ते मोजतो. हळूहळू अंथरूण म्हणजे जागं राहायची जागा, असं शरीर शिकतं. याची एक खूण बघा: बार्शीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकताच डुलकी लागते, टीव्हीसमोर बसल्या जागी डोळे मिटतात, आणि अंथरुणावर पाठ टेकली की टक्क जाग येते. इथे चहा सोडून काय होणार?

उपचार या शिकलेल्या जागेपणावरच घाव घालतो आणि त्यासाठी सांगतो ते ऐकायला उलटंच वाटतं. १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी मांडलेला नियम असा की पेंग आली तरच अंथरुणावर जायचं आणि झोप लागत नसेल तर उठून दुसरीकडे बसायचं. आपल्याकडे एका खोलीच्या घरात दुसरीकडे कुठे जाणार, हा प्रश्न रास्त आहे. अंथरूण सोडून दाराशी किंवा ओट्यावर बसलं तरी चालतं.

स्पीलमन यांची पद्धत याहून कठोर. आधी एक-दोन आठवडे झोपेची नोंदवही ठेवायची. समजा माणूस साडेनऊ ते साडेपाच, म्हणजे ८ तास पडून असतो, पण झोपतो साडेपाच तास. त्याला बारा वाजेपर्यंत अंथरुणाकडे जाऊच देत नाहीत, आणि उठायचं मात्र साडेपाचलाच. ५ तासांच्या खाली सहसा नेत नाहीत. पडून राहिलेल्या वेळातला ८५ ते ९० टक्के वेळ झोपेत जाऊ लागला, की १५-१५ मिनिटं वाढवायची. झोप नाही म्हणणाऱ्याला आणखी जागं ठेवणं घरच्यांना क्रूर वाटतं, पण झोपेची भूक साचते ती यानेच. सोबत ‘आज झोपलो नाही तर उद्या काहीच जमणार नाही’ यासारख्या विचारांवरही काम होतं.

संशोधनातला दोन्हींचा फरक मला सगळ्यात बोलका वाटतो. सीबीटी-आयच्या कित्येक चाचण्यांत तुलनेच्या गटाला जे दिलं जातं, ते म्हणजे हे पथ्य! २०२१ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने स्पष्ट सुचवलं की जुनाट निद्रानाशावर नुसतं स्लीप हायजीन हा एकमेव उपचार म्हणून देऊ नये. त्याआधी २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सगळ्या प्रौढांसाठी गोळीच्या आधी सीबीटी-आय, अशी शिफारस केली होती. २०१५ मध्ये २० चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा उपचारानंतर झोप लागायचा वेळ सुमारे १९ मिनिटांनी आणि मधे जागं राहण्याचा वेळ २६ मिनिटांनी कमी झालेला दिसला. एकूण झोप मात्र जेमतेम ८ मिनिटांनी वाढली. म्हणजे उपचाराच्या अखेरीस झोप फारशी लांबत नाही, तुटक होती ती सलग होते. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर तास मोजणारा माणूस मधेच सोडून देतो.

अंथरुणावरचा वेळ कमी करण्याची ही पद्धत घरच्या घरी, एकट्याने, कुणालाही लागू करू नका. पहिले काही आठवडे दिवसा पेंग येते. माग चालवणाऱ्याला, ट्रक चालवणाऱ्याला ते जिवावरचं ठरू शकतं. फिट्स येणाऱ्यांनी आणि बायपोलर आजार असलेल्यांनी जागरण वाढवू नये. मोठ्याने घोरताना श्वास अडकत असेल तर आधी त्याचा तपास हवा. आणि झोपेची गोळी चालू असेल तर ती अचानक बंद करू नका.

विचारायचं कुठे? सिव्हिलच्या मानसोपचार विभागात, खासगी मानसोपचार तज्ज्ञाकडे, किंवा सुरुवात म्हणून टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर. जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: कधी पडलात, अंदाजे कधी डोळा लागला, किती वेळा जाग आली, शेवटी कधी उठलात. रात्री घड्याळ न बघता, सकाळी आठवेल तसं लिहिलेलं चालतं.