शोकेसमधली बार्बी जुन्या बाजारात कशी आली : मराठवाड्यातल्या जुन्या फॅशन बाहुल्यांची पार्श्वभूमी

संभाजीनगरला जाफर गेटला रविवारी बाजार भरतो, तिथं जुने मिक्सर, कुलपं, सायकलचे पार्ट, बंद पडलेले टेपरेकॉर्डर अशा सगळ्या सामानात कधीमधी एखादी बाहुली निघते. लांब पायाची, बारीक कंबरेची, केस पार गुंतलेले, अंगावर कुणीतरी घरी शिवलेला झगा नाहीतर साडी. परभणी, नांदेड, जालन्याच्या भंगारवाल्यांकडंही अशाच निघतात. आता ही जुनी फॅशन डॉल, म्हणजे मोठ्या बाईच्या बांध्याची आणि कपडे बदलता येणारी बाहुली, आपल्याकडं आली कुठून, कधीची असते, आणि ती इतकी वर्षं टिकली कशी, याचा इतिहास एका जागी लिहिलेला कुठं दिसत नाही म्हणून हे लिहितोय. आधीच सांगतो, माझ्या मते या बाहुलीत बाहुलीपेक्षा तिच्या अंगावरचे कपडे जास्त महत्त्वाचे आहेत, आणि मराठवाड्यात तर ते शंभर टक्के खरंय.

सुरुवात युरोपात झाली. छापील फॅशन मासिकं यायच्या आधी पॅरिसची नवी फॅशन दुसऱ्या देशातल्या राजघराण्यांना कळायची ती बाहुल्यांवरून. नव्या तऱ्हेचा पोशाख लहान मापात शिवायचा, बाहुलीला घालायचा आणि ती बाहुली पाठवून द्यायची, या बाहुल्यांना पँडोरा म्हणत. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत, तिची पोशाख करणारी रोझ बेर्तँ होती, तिनं अशा बाहुल्या परदेशी पाठवल्या. म्हणजे ते खेळणं नव्हतंच, शिंप्याचा नमुना होता. पुढं मासिकं आली आणि बाहुलीचं ते काम संपलं, मग १८६०-७० च्या सुमारास फ्रान्समध्येच झ्युमो, ब्रू असल्या कारखानदारांनी चिनीमातीच्या डोक्याच्या आणि चामड्याच्या अंगाच्या बाहुल्या काढल्या, श्रीमंत घरच्या पोरींसाठी, सोबत ट्रंकभर कपडे. त्या बाहुल्या आपल्या जुन्या बाजारात निघतील अशी आशा धरू नये.

इथं जरा थांबून मराठवाड्याचं सांगतो, कारण मला ते सोडवत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर, पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात ज्याचं नाव आहे ते. सातवाहन काळात तिथला माल पार रोमपर्यंत जायचा. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मातीच्या आणि केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या, बायकांच्या छोट्या मूर्ती आहेत, दोन साच्यांत काढून जोडलेल्या, आणि एक हस्तिदंताची स्त्रीमूर्ती आहे. तशीच एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडली. आणि १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या उत्खननात जी भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली, जिला लोक पाँपेईची लक्ष्मी म्हणतात, तिचं आणि या मूर्तींचं साम्य अभ्यासकांनी दाखवलंय. पाँपेई ज्वालामुखीखाली गाडलं गेलं इ.स. ७९ ला, म्हणजे त्याच्या आधीच ही मूर्ती तिथं पोचलेली. या खेळण्यातल्या बाहुल्या नाहीत, आरशाची मूठ किंवा फर्निचरचा भाग असाव्यात असं मानतात. पण केसांची रचना, कमरपट्टा, हातभर बांगड्या हे इतकं बारकाईनं कोरलंय की दोन हजार वर्षांपूर्वी बायका काय ल्यायच्या हे त्यावरून समजतं. बाहुल्या गोळा करणाऱ्या माणसानं एकदा तेरला जाऊन यावंच.

आता आजची बाहुली. जर्मनीत 'बिल्ड' नावाच्या पेपरात लिली नावाच्या तरुणीचं कार्टून यायचं, त्यावरून १९५५ मध्ये लिलीची बाहुली निघाली, ती मुळात मोठ्या माणसांसाठी होती. अमेरिकेच्या मॅटेल कंपनीच्या रूथ हँडलर युरोपात फिरायला गेल्या तेव्हा त्यांना ती दुकानात दिसली. त्यांची मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांना मोठ्या बायकांसारखे कपडे घालून खेळायची, आणि बाजारात तर सगळ्या बाळाच्या बाहुल्या, म्हणजे पोरीनं कायम आईच व्हायचं. लिली बघून त्यांना जे पाहिजे होतं ते सापडलं, आणि ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात बार्बी आली. साडेअकरा इंच उंच, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा ड्रेस, मागं पोनीटेल, किंमत तीन डॉलर. पहिल्याच वर्षी साडेतीन लाखांच्या आसपास खपली. १९६४ मध्ये मॅटेलनं लिलीचे हक्कच विकत घेऊन टाकले.

आता यातला धंदा नीट बघा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बाहुली एकदाच घेतली जाते, कपडे मात्र परत परत घ्यावे लागतात. शार्लट जॉन्सन नावाच्या डिझायनरनं पहिले कपडे केले, त्यासाठी त्या जपानला जाऊन राहिल्या, कारण बाहुल्या आणि कपडे दोन्ही जपानमध्ये बनायचे. अस्तर लावलेले कोट, बोटाच्या पेराएवढ्या चेन, बारीक टिचबटणं, सगळं खरोखरच्या कपड्यासारखं. हे कपडे वेगळ्या पाकिटात विकले जायचे. अमेरिकेतल्या पोरीला वाढदिवसाला बाहुली मिळाली की पुढची कित्येक वर्षं तिचे कपडेच घेतले जायचे.

आपल्याकडं हे पहिलं पर्व आलंच नाही म्हटलं तरी चालेल. १९५९ ते साधारण १९७२ या काळातल्या ज्या बाहुल्यांना तिकडचे संग्राहक खरी व्हिंटेज म्हणतात, तेव्हा आपल्या देशात परदेशी खेळणी आणणं जवळजवळ बंद होतं. मराठवाड्यात पोरींकडं चिंध्यांच्या बाहुल्या, लाकडाची ठकी, जत्रेतली मातीची नाहीतर प्लॅस्टिकची बाहुली, फार तर ती आडवी केली की डोळे मिटणारी. नांदेडकडच्या घरांत पलीकडच्या तेलंगणातल्या निर्मल गावची रंगीत लाकडी खेळणी यायची, शेवटी सगळा निजामाचाच मुलूख होता. अक्षय तृतीयेला नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहुला-बाहुलीचं लग्न लावायचं, त्यासाठी आजी चिंधीचा शालू शिवून द्यायची. बाहुलीला कपडे शिवायचे ही गोष्ट म्हणजे आपल्या बायकांना बार्बीनं शिकवलेली नाही, ती आधीपासूनच होती.

परदेशी बाहुली मराठवाड्यात पहिल्यांदा आली ती आखातातून. १९७० च्या दशकात तेलाचा पैसा वाढला आणि संभाजीनगर, नांदेड, बीड, परभणीची माणसं सौदी, कुवेत, दुबईला कामाला जायला लागली. सुट्टीवर येताना टू-इन-वन, सेंट, जपानी साडी आणि लेकरांसाठी बाहुली. काही बाहुल्या खऱ्या बार्बी, बऱ्याचशा हाँगकाँगला बनलेल्या नकला, ज्यांचं अंग पोकळ आणि हलकं असतं आणि दाबलं की पिचकतं. संग्राहक नकलांना नाक मुरडतात, मी मुरडत नाही, एखाद्या बापानं दोन वर्षांनी घरी येताना जी आणली ती बाहुली त्या घरासाठी अस्सलच होती.

मग १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बार्बी भारतातच बनायला लागली. ब्लो प्लास्ट कंपनी, तीच व्हीआयपी सुटकेसवाली, तिचा लिओ नावाचा खेळण्यांचा ब्रँड होता, त्यांनी मॅटेलशी करार केला. साडीतली बार्बी, टिकली लावलेली बार्बी याच काळातली. आपल्या बाजारात आज जी सापडते ती शंभरातली बहुतेक याच पिढीची, साधारण १९८७ ते २००० मधली. तिकडच्या पुस्तकांतल्या याद्यांमध्ये या भारतीय बाहुल्या नीट लावलेल्या नाहीत, रंग, कापड, केस सगळं थोडं वेगळं असतं, त्यामुळं परदेशातले संग्राहकही आता लिओची बाहुली शोधतात. १९९१ नंतर बाजार हळूहळू उघडत गेला आणि १ एप्रिल २००१ ला आयातीवरची उरलीसुरली संख्येची बंधनं उठली, त्यानंतर चिनी बाहुल्यांचा पूर आला. तो पूर आल्यावर बाहुली स्वस्त झाली आणि शोकेसमधून खाली उतरली.

शोकेसचं हे सांगायलाच पाहिजे. त्या वेळी मध्यमवर्गीय घरात अशी बाहुली महागाची वस्तू होती, म्हणून ती पोरीच्या हातात फार वेळ राहायचीच नाही. "हात लावू नको गं, पाहुणे आले की दाखवू" म्हणून ती काचेच्या कपाटात, चिनीमातीचे कप आणि क्रिकेटच्या ढालीशेजारी. आणि वर्षातून एकदा बाहेर यायची ती महालक्ष्म्यांना. आपल्याकडं भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात, त्यांच्यापुढं आरास करतात, त्या आराशीत घरातली सगळी खेळणी मांडायची, विहीर, बैलगाडी, वाण्याचं दुकान, आणि मधोमध ही गोऱ्या रंगाची बाई. आता आराशीत उघडंवाघडं कोण ठेवणार? म्हणून तिला साडी. तिकडच्या पोरींसारखे कपड्यांचे पाकीट आपल्याकडं गावोगाव मिळत नव्हते, मिळाले असते तरी कुणी घेतले नसते, घरात शिलाई मशीन होतं आणि ब्लाउजपीसचे तुकडे पडलेलेच असायचे.

माझ्याकडं लातूरकडची एक आहे. चेहरा सुपरस्टार घडणीचा, म्हणजे १९७७ नंतरचा तो दात दिसणारा हसरा चेहरा. अंगावर हिरव्या खणाचा ब्लाउज, मागं दोन टिचबटणं, बाह्यांना खणाचाच काठ उलटा लावलेला. परकराला नाडी म्हणून रिळाचा दोरा चौपदरी पिळून घातलाय. साडी इरकलीची, खऱ्या साडीच्या पदराचा तुकडा कापून केलेली, म्हणून काठ तिच्या गुडघ्यापर्यंत येतो. पदर खांद्यावर टाचणीनं टोचलेला, टाचणी गंजून व्हिनाइलवर, म्हणजे बाहुलीच्या मऊ प्लॅस्टिकवर, तांबडा ठिपका पडलाय. निऱ्या मोजून सात, आणि प्रत्येक निरी आतून एकेक टाका घालून पक्की केलीय, कारण दरवर्षी आराशीसाठी परत नेसवायला नको. ज्या बाईनं हे केलं तिला कापड, माप आणि वेळ तिन्हीची जाण होती. हे कपडे काढून "ओरिजिनल" ड्रेस चढवा असं सांगणारे लोक आहेत, मला ते अजिबात पटत नाही. ओरिजिनल ड्रेस कारखान्यात हजारोंनी निघाला, ही साडी जगात एकच आहे.

ओळखायचं कसं, तर पाठ बघा. पाठीवर १९६६ लिहिलेलं असतं आणि विकणारा लगेच म्हणतो साठ वर्षांची आहे, हजार द्या. ते साल कंबर फिरणाऱ्या शरीराच्या कॉपीराइटचं आहे, १९९० च्या दशकातल्या बाहुल्यांच्या पाठीवरही तेच असतं. डोक्याच्या मागं केसांखाली १९७६ असतं तेही चेहऱ्याच्या साच्याचं साल. खरी खूण म्हणजे देशाचं नाव. जपान असेल तर साधारण १९७० च्या सुरुवातीपर्यंतची, नंतर तैवान, हाँगकाँग, फिलिपिन्स, मलेशिया, चीन असं काम सरकत गेलं. लिओचा खोका सोबत मिळाला तर प्रश्नच मिटला, पण खोके बहुतेक रद्दीत गेलेले.

आपल्या हवेचाही परिणाम असतो. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली पोत्यात राहिलेल्या बाहुलीचे पाय चिकट होतात, व्हिनाइल मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर येतं म्हणून. कानातल्याची पिन धातूची असेल तर कानाभोवती हिरवा डाग पडतो, कानातलं आधी काढून वेगळं ठेवायचं. पिंपल्सवरचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम लावून डाग फिका होतो, पण चेहऱ्याच्या रंगाला लागलं तर रंगही जातो. आणि केस बोअरच्या पाण्यानं धुवू नका, आपल्याकडच्या क्षारानं पांढरी पूड बसते, पिण्याचं फिल्टरचं पाणी घ्या, साधा शाम्पू, बारीक कंगव्यानं खालून वर थोडंथोडं सोडवत जा.

आता गेल्या काही वर्षांत या बाहुल्या बाजारात का यायला लागल्या, तर जुनी घरं पडतायत, वाडे अपार्टमेंटला चाललेत, पोरं पुण्याला. शोकेस भिंतीसकट जाते आणि आतलं सामान भंगारवाल्याला किलोवर, कपडे बोहारणीला. म्हणून बाहुली एकीकडं आणि तिच्या साड्यांचं गाठोडं दुसरीकडं असं होतं. भंगारवाल्याला बाहुलीसोबतच्या चिंध्या मागा, तो त्या फुकट देतो नाहीतर मशीन पुसायला गॅरेजवाल्याला विकतो. घर कोणत्या गावचं होतं, बाहुली कुणी आणली, कपडे कुणी शिवले हे विचारून ठेवा. आणलेल्या माणसाचं नाव निघालं नाही तरी "उदगीर, सौदीहून, आजीनं शिवलं" एवढं कागदावर लिहून परकराच्या आत टाचून ठेवलं, टाचणीनं नव्हे, दोऱ्यानं, तरी पुढं ज्याच्या हातात जाईल त्याला ती कुठली हे समजेल.