उसाच्या फडातले ‘अनाथ’

ऊसतोड सुरू झाली की जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यातून वनखात्याला ठरलेले फोन जातात. फडात बिबट्याचे बछडे सापडलेत, आई दिसत नाही. पुढच्या तासाभरात काय होतं, यावर त्या पिल्लांचं सगळं आयुष्य ठरतं. एवढ्या महत्त्वाच्या निर्णयाभोवती आपल्याकडे एका शब्दाने फार घोळ घातला आहे : अनाथ.

पूर्वी असं काही सापडलं की ते प्राणिसंग्रहालयात पोचवायचं, एवढंच पुणेकरांना माहीत होतं. १९५३ मध्ये पेशवे उद्यान सुरू झालं, १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान, आणि पुढे १९९९ मध्ये तिथेच प्राणिसंग्रहालय उभं राहिलं. कात्रजला जखमी-बेवारस प्राण्यांची जी सोय झाली, तिला लोक ‘प्राण्यांचं अनाथालय’च म्हणू लागले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वन्यप्राणी घरी पाळणं गुन्हा ठरलं खरं. पण सापडलेलं पिल्लू उचलायचं, बाटलीने दूध पाजायचं आणि ‘वाचवलं’ म्हणायचं, ही सवय काही गेली नाही.

जुन्नरकडे प्रश्न वेगळ्या वाटेने आला. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या धरणांचं पाणी फिरलं आणि बाजरीच्या जागी बारमाही ऊस उभा राहिला. बिबट्याला लपायला दाट आडोसा, खायला कुत्री-डुकरं-शेळ्या. त्याने तिथेच संसार थाटला. आज फडात सापडणाऱ्या कित्येक बछड्यांच्या आईनेही जंगल पाहिलेलं नसतं.

२००१ च्या सुमारास इथले बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडायचा सपाटा लागला. त्या आधीच्या आठ वर्षांत जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ मध्ये ती सरासरी १७ वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या घराकडे निघतो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा येतो, हे नंतर अभ्यासातून पुढे आलं. सोडता न येणाऱ्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र झालं. तिथल्या पिंजऱ्यांत जाण्याची वाट रुंद होती, बाहेर येण्याची अरुंद.

त्यामुळेच ‘अनाथ’ची फोड करावी लागली. मादी शिकारीला जाताना पिल्लं उसात ठेवते. कोयत्यांचा आवाज, माणसांची गर्दी झाली की ती शेजारच्या फडात दबून बसते. म्हणजे आई असते, आपण असेपर्यंत येत नाही. उचलून आणलेलं पिल्लू मात्र त्या क्षणापासून खरोखर पोरकं होतं : शिकार शिकवणारं कोणी नाही, माणसाची भीती मोडलेली, पुढे मोकळं सोडणं जवळपास अशक्य. गेल्या दीडेक दशकात म्हणून पद्धत बदलली. पशुवैद्य तपासतो, गोचीड काढतो, चिप बसवतो. अंधार पडायच्या आत पिल्लं होती त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरे लावतात आणि सगळे लांब जातात. बहुतेकदा मादी येते, क्रेट कलंडवते, एकेक करून नेते. कधीकधी दुसरी, तिसरी रात्र लागते. गंमत म्हणजे ‘बिबट्याची पिल्लं’ म्हणून आलेल्या फोनमागे अनेकदा रानमांजराची किंवा वाघाटी या छोट्या रानटी मांजराची पिल्लं निघतात, आणि तोवर त्यांचे सेल्फी काढून झालेले असतात.

शहरातली कहाणी थोडक्यात तीच. मे महिन्यात उडायला शिकणारी बुलबुलची पिल्लं ‘पडलेली’ म्हणून खोक्यात भरली जातात. मांजाने पंख कापलेली घार मात्र उचलावीच लागते. नायलॉन मांजावर २०१७ मध्ये देशभर बंदी आली तरी जानेवारीत अशा घारी येतच राहतात. डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडच्या सोसायटीत शिरलेला रानगवा गर्दीच्या पाठलागानंतर दगावला. बरोबर काय करायचं होतं यावर शहरात महिनाभर वाद झाला. थोड्याच दिवसांनी बावधनकडे आलेल्या दुसऱ्या गव्याला वाट मोकळी ठेवली, तो परत गेला.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड परिसरात बिबट्याने माणसं मारली आणि पिल्लं आईला परत देण्यावरच बोट ठेवलं गेलं. ज्यांच्या घरातलं लेकरू गेलं, त्यांनी हे विचारू नये असं कोण म्हणेल? पण पिल्लं उचलली म्हणून मादी जात नाही. ती काही दिवस शोधत वस्तीभोवती फिरते, मग पुन्हा माजावर येते, आणि तीनेक महिन्यांच्या गाभणकाळानंतर नवी पिल्लं त्याच शिवारातल्या उसात जन्मतात.