येत्या हंगामातील गटभ्रमंती आणि श्रमदान : सहभागींसाठी माहितीपत्रक

सस्नेह नमस्कार,

ऑक्टोबर ते एप्रिल या काळातील आमच्या भ्रमंतींची आणि श्रमदानाच्या शिबिरांची आखणी पूर्ण झाली आहे. नोंदणी करण्यापूर्वी प्रत्येक वाट कशी आहे, तिथे कोणते काम करायचे आहे आणि काही गोष्टी करायला आम्ही नकार का देतो, हे आपल्याला नीट कळावे म्हणून हे पत्रक देत आहोत. आम्ही पुण्यातून सह्याद्रीत छोटे गट नेणारी लहान संस्था आहोत. एका गटात वीसपेक्षा जास्त माणसे आम्ही घेत नाही, कारण सुट्टीच्या दिवशी गडाच्या अरुंद दरवाजात किंवा खोबणीच्या कातळटप्प्यावर शंभर माणसांचा जथा अडकला, की त्यातील कोणाकडेही नीट लक्ष देता येत नाही आणि वरून उतरणाऱ्यांचीही वाट बंद होते.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे प्रतिनिधित्व करणारे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत आणि जिंजी तमिळनाडूत आहे. आमच्या या हंगामातील लोहगड आणि राजगड या दोन्हींचा त्यात समावेश असल्याने तिथे येणाऱ्यांची संख्या आणखी वाढणार, हे उघड आहे. गडावर गेलेल्या प्रत्येकाने त्या गडासाठी थोडे काम करून यावे, असे आम्हाला मनापासून वाटते आणि म्हणूनच आमच्या सगळ्या भ्रमंतींमध्ये श्रमदानाचा वेळ धरलेला असतो.

भ्रमंतींचा कार्यक्रम

ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी लोहगड आहे. पहिल्यांदाच डोंगरात येणाऱ्यांसाठी आम्ही हाच गड निवडतो. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने मळवलीला उतरायचे, भाजे गावातून कातळात कोरलेली लेणी पाहायची आणि गायमुख खिंडीतून लोहगडवाडीला पोहोचायचे, असा पायी मार्ग आहे. वाडीपर्यंत गाडी जात असली, तरी आम्ही गट खालूनच चालत नेतो. दोन हजार वर्षांहून जुनी लेणी, खिंड आणि गड हे सगळे एका दिवसात पायांखालून गेले, की घाटमाथ्यावरच्या या वाटांना किल्ल्याचा पहारा का लागत असे, ते सांगावे लागत नाही. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे एकापाठोपाठ एक वळणावर बांधलेले चार दरवाजे पाहून आपण विंचूकाटा या लांब, चिंचोळ्या माचीपर्यंत जाणार आहोत. माचीवर उतरताना एक छोटा कातळटप्पा आहे, तिथे सर्वांना मदत केली जाईल.

नोव्हेंबरमध्ये दोन दिवसांचा राजगड आहे, आणि या हंगामातील आमची सर्वांत आवडती भ्रमंती हीच. शनिवारी दुपारी पुणे सोडून मुक्काम पायथ्याच्या गुंजवणे गावात असेल; गडावर मुक्काम केला जाणार नाही. रविवारी उजाडण्यापूर्वी चढाई सुरू होईल. चोरदरवाजाची वाट अंगावर येणारी आहे. शेवटच्या टप्प्यात कातळातील पावठ्यांवरून रेलिंग धरून चढावे लागते आणि एकदम पद्मावती माचीवर, तळ्याच्या अंगाला आपण बाहेर पडतो. शिवाजी महाराजांची राजधानी रायगडावर जाईपर्यंत सुमारे पाव शतक इथे होती. त्यामुळे हा गड घाईने उरकण्याचा नाही. सुवेळा माचीवरील नेढे (कातळातील आरपार भोक), संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी आणि बालेकिल्ला ही तिन्ही ठिकाणे एकाच दिवसात धावत पळत गाठण्याऐवजी आपण बालेकिल्ला आणि संजीवनी माची शांतपणे पाहू. संजीवनीचा बाहेरचा तट पडला तरी आतला लढता राहावा, ही तिची रचना प्रत्यक्ष त्या दोन भिंतींमधून उतरल्याशिवाय लक्षात येत नाही. उतरताना पाली दरवाजाच्या रुंद पायऱ्यांची वाट घेऊ, गुडघ्यांना ती बरी पडते. आमची गाडी त्या बाजूच्या पायथ्याशी आलेली असेल.

डिसेंबरात पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्याने वन विभागाचे प्रवेशशुल्क आणि नियम लागू आहेत. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, चारपैकी एकच खांब शाबूत राहिलेले केदारेश्वराचे पाण्यातील शिवलिंग आणि आत वळलेला कोकणकडा पाहून दुसऱ्या दिवशी परतायचे आहे. कड्याच्या टोकाजवळ आम्ही तंबू लावत नाही आणि कड्यावर पालथे पडून खाली पाहण्याच्या वेळीही एका वेळी दोघांनाच पुढे सोडले जाते. या नियमाला कोणासाठीही अपवाद केला जाणार नाही.

जानेवारीत कोकणातील वैशाखरे गावाच्या बाजूने नाणेघाट चढून घाटघरला बाहेर पडू. सातवाहनकाळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरला चढत असे. गुहेतील नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आणि माथ्यावरचा दगडी रांजण दाखवताना आमचा वाटाड्या पुरेसा वेळ देईल. समोरचा जीवधन या वेळी कार्यक्रमात नाही. तिथले कातळटप्पे सरावाशिवाय घेऊ नयेत, असे आमचे मत आहे.

श्रमदान : काय करायचे आणि काय नाही

गडावरील काम हा या पत्रकातील सर्वांत महत्त्वाचा विषय आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहीत आहोत. लोहगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या, तर राजगड राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या संरक्षणाखाली आहे. अशा ठिकाणी लेखी परवानगीशिवाय एक दगडही हलवता येत नाही. १९५८ च्या कायद्यानुसार केंद्रीय संरक्षित स्मारकाची हानी केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या हेतूबद्दल शंका नसली, तरी चांगल्या हेतूने केलेल्या कामानेही गडांचे नुकसान झालेले आम्ही पाहिले आहे. पडलेल्या जोत्याचे दगड रचून कोणी चूल मांडतो, कोणी भगव्या रंगाने बुरूज रंगवतो, कोणी ढासळलेल्या भिंतीत सिमेंट भरतो. चुन्यात बांधलेल्या भिंतीत सिमेंट भरले, की भिंतीतील ओल बाहेर पडायला वाट उरत नाही, ती आत साचते आणि शेजारचा जुना चुना व दगड झिजू लागतात. तटात उगवलेला पिंपळ किंवा उंबर उपटण्याचेही तसेच आहे. त्याची मुळे दगडांमध्ये खोलवर गेलेली असतात आणि रोप ओढले की सोबत दगडही निखळतात. असे झाड कापायचे कुठे आणि मूळ कसे मारायचे, हे जाणकाराच्या देखरेखीखालीच ठरायला हवे. त्यामुळे आमच्या शिबिरात तटबंदीला हात लावण्याचे काम नसेल. राजगडावर नोव्हेंबरमध्ये पावसाळ्यानंतर पायऱ्यांवर माजलेले गवत आणि साचलेली माती, खात्याने नेमून दिलेल्या भागातच काढली जाईल.

मुख्य शिबिर मार्चच्या अखेरीस आणि एप्रिलमध्ये, पाण्याच्या टाक्यांतील गाळ काढण्याचे असेल. सह्याद्रीतील गडांवर बेसॉल्टच्या कातळात खोदलेली टाकी आहेत. काहींच्या छताला आधार म्हणून कातळाचेच खांब सोडलेले आहेत. पावसाचे पाणी कातळाच्या उतारावरून खोदलेल्या पन्हळीने टाक्यात येते. गेल्या शतकांत या पन्हळी बुजल्या, आसपासची माती वाहून टाक्यांत बसली आणि कित्येक टाक्यांत उन्हाळ्यात हातभर चिखलच उरतो. गाळ काढला, की साठा वाढतो आणि मे महिन्यात गडावर येणाऱ्यांना, गुराख्यांना आणि जनावरांना पाणी मिळते. कामासाठी उन्हाळा निवडण्याचे कारण एवढेच, की पाण्याची पातळी तेव्हा सर्वांत खाली असते.

कामाची पद्धत ठरलेली आहे. आधी टाक्याची मोजमापे आणि छायाचित्रे घेतली जातात. त्यानंतर दोघे-तिघे आत उतरून फावड्याने घमेली भरतात आणि उरलेले सर्वजण साखळी करून ती वर पोहोचवतात. पहार आणि टिकाव टाक्याच्या तळाशी वापरायचे नाहीत, त्यांचे घाव कातळावर कायमचे राहतात. टाके पूर्ण कोरडे केले जात नाही. त्यातील खेकडे, बेडूक आणि मासोळ्यांसाठी एका कोपऱ्यात पाणी ठेवले जाते. काढलेला गाळ कड्यावरून खाली ढकलायचा नसतो, तो ठरवून दिलेल्या सपाट जागी पसरला जातो आणि पसरण्यापूर्वी हाताने चाळला जातो, कारण गाळात खापरे, नाणी, तोफगोळे किंवा मूर्तीचे तुकडे सापडू शकतात. असे काही सापडले, तर काम लगेच थांबवून जागेची नोंद करायची आणि वस्तू खात्याच्या प्रतिनिधीच्या हाती द्यायची. दहा रुपयांहून जास्त मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या कायद्यापासून आहे. आठवण म्हणून खिशात घातलेले एखादे खापरही त्या टाक्याच्या इतिहासातून कायमचे वजा होते, हे कृपया मुलांनाही सांगावे.

फेब्रुवारीत वन विभागाच्या मार्गदर्शनाखाली एक दिवस जाळरेषेचे काम आहे. गवत वाळले की डोंगरावर वणवे लागतात. त्यांत नुकतीच रुजलेली रोपे आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात, आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्याच वळवाने खाली येते. गवताचा एक पट्टा आधीच साफ करून ठेवला, तर पुढून आलेली आग तिथे थांबते. प्रत्यक्ष आग विझवण्याच्या कामावर आम्ही सहभागींना पाठवत नाही.

वृक्षारोपणाबद्दल आमच्याकडे वारंवार विचारणा होते. या हंगामात ते नाही. रोप लावायचे ते पावसाच्या सुरुवातीला, आणि पुढे किमान तीन उन्हाळे त्याला पाणी व राखण मिळणार असेल तरच. जागाही पाहावी लागते. उघड्या कातळी सड्यांवर तेरडा, सीतेची आसवे, सोनकी यांसारख्या पावसाळी वनस्पतींचे स्वतःचे जग असते आणि तिथे खड्डे खणून झाडे लावली, तर तेच आपण मोडून टाकतो. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पासारखी परकी झाडे कशी पसरली, ते आपल्यासमोर आहेच.

कचरा मात्र प्रत्येक भ्रमंतीत गोळा केला जाईल. हातमोजे आणि पोती आम्ही देऊ. पाण्याच्या बाटल्या भंगारात विकल्या जातात, पण वेफर्स आणि बिस्किटांची चकचकीत वेष्टने कोणीही घेत नाही, म्हणून ती वेगळ्या पोत्यात भरून पुण्यात आणावी लागतात; पायथ्याच्या गावात ठेवून यायची नसतात. संत्र्याची साल किंवा उरलेला भातही गडावर टाकू नये, त्याने माकडे माणसांच्या पिशव्यांवर झडप घालायला शिकतात.

सुरक्षितता

गटाच्या पुढे आमचा प्रमुख आणि सर्वांत शेवटी पिछाडी सांभाळणारा सहकारी असतो. प्रमुखाच्या पुढे आणि पिछाडीच्या मागे कोणीही जायचे नाही. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्यावरून ठरतो, त्यामुळे आपण मागे पडत आहोत याचा संकोच बाळगू नये आणि दम लागला, छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच सांगावे. दमा, मधुमेह, रक्तदाब किंवा मधमाशीच्या दंशाची अॅलर्जी असल्यास नोंदणीच्या वेळीच कळवावे आणि आपली औषधे आपल्या पिशवीत वरच्या कप्प्यात ठेवावीत.

सह्याद्रीच्या कड्यांवर आग्यामोहोळ असते आणि ते खवळले, तर जिवावर बेतू शकते. म्हणून भ्रमंतीला येताना अत्तर किंवा सुगंधी फवारा लावू नये, कड्याजवळ धूर करू नये, आरडाओरडा करू नये, दगड मारू नये आणि ड्रोन उडवू नये. माश्या अंगावर आल्या, तर हात झटकत उभे न राहता डोके आणि चेहरा कापडाने झाकून, पायाखालची वाट पाहत, झपाट्याने दूर जावे.

तीन लिटर पाणी, जलसंजीवनीची पाकिटे, टोपी, विजेरी आणि चांगली पकड असलेले बूट एवढे प्रत्येकाकडे हवेच. गुळगुळीत तळव्याच्या बुटांनी वाळक्या गवतावर आणि घसाऱ्यावर पाय घसरतो. अशा बुटांत आलेल्या सहभागीला पायथ्याशीच थांबवण्याचा अधिकार प्रमुखाला आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून त्यात आयोजकांच्या नोंदणीची आणि सुरक्षिततेची तरतूद आहे. आमच्याकडे असो वा इतरांकडे, पैसे भरण्यापूर्वी नोंदणी, विमा आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीबद्दल आपण अवश्य विचारावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक सर्वांनी लक्षात ठेवावेत.

नोंदणी आणि शुल्क

भ्रमंतीच्या शुल्कात प्रवास, गावातील घरचे जेवण, वाटाड्याचे मानधन आणि विमा येतो. जेवण पायथ्याच्या गावातील कुटुंबे करतात आणि त्यांचे पैसे आम्ही त्याच दिवशी रोख देतो. आयत्या वेळी संख्या कमी झाली तरी ठरलेल्या ताटांचे पैसे त्यांना दिले जातात, त्यामुळे दोन दिवस आधीपर्यंत रद्द न केलेल्या नोंदणीतील जेवणाची रक्कम परत करता येत नाही. जाळरेषेच्या आणि टाक्यांच्या श्रमदान शिबिरांना शुल्क नाही, केवळ प्रवासखर्च वाटून घेतला जातो. चौदा वर्षांखालील मुलांनी पालकांसह यावे. टाक्यात उतरण्याचे काम फक्त प्रौढांनाच दिले जाईल. हवामानामुळे किंवा खात्याची परवानगी वेळेत न मिळाल्यामुळे शिबिर पुढे ढकलावे लागले, तर पूर्ण रक्कम परत मिळेल किंवा आपल्या इच्छेनुसार पुढील तारखेसाठी धरली जाईल.