हंगेरियन आणि यिडिश : विद्यापीठीय अभ्यासाची पार्श्वभूमी

हंगेरियनच्या अभ्यासाला राजकीय पाठबळ लवकर मिळाले. शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी उत्तर नॉर्वेत गेलेल्या यानोश शायनोविच या जेझुइट (कॅथलिक संघाच्या) खगोलशास्त्रज्ञाने १७७० मध्ये हंगेरियन आणि तेथील सामी लोकांची भाषा यांचे नाते मांडले. १८४४ मध्ये हंगेरियन राज्यकारभाराची भाषा झाली. १८७२ मध्ये योझेफ बुडेन्झ यांच्यासाठी बुडापेस्टमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले आणि १९१६ मध्ये बर्लिन विद्यापीठातही हंगेरियनचे अध्यासन आले.

यिडिश ही मध्य व पूर्व युरोपातील ज्यूंची, जर्मनशी नाते असलेली भाषा; तिच्या पाठीशी असे कोणतेच राज्य नव्हते. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या जनगणनेत तिला स्वतंत्र भाषा म्हणून जागाच नव्हती, त्यामुळे ती बोलणाऱ्यांची गणना जर्मन किंवा अन्य भाषकांत होई. हंगेरीतील ज्यू समाजातही तिच्याविषयी एकमत नव्हते. १८६७ मध्ये नागरी समता मिळाल्यानंतर शहरी ज्यूंनी हंगेरियन आपलीशी केली, तर ईशान्येकडील सनातनी समाजाने यिडिश घट्ट धरून ठेवली. प्रवचन परक्या, म्हणजे ज्यूंची नसलेल्या भाषेत होऊ नये, असा निर्णय नाग्यमिहाय (तेव्हा हंगेरीत, आज स्लोव्हाकियात) येथे जमलेल्या राबायांनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, त्याआधी दोनच वर्षे दिला होता. या वादात भाषेची निवड म्हणजे थेट धर्मनिष्ठेची भूमिका होती, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय त्या काळातील ज्यू जीवन समजणे अवघड आहे.

विद्वत्तेच्या क्षेत्रात यिडिशला स्थान मिळाले ते तिच्या अभ्यासकांनी स्वतः उभारलेल्या संस्थांमुळे. चेर्नोवित्स (तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत, आज युक्रेनमध्ये) येथे १९०८ मध्ये यिडिशविषयी झालेल्या परिषदेने तिला ज्यू जनतेची एक राष्ट्रीय भाषा म्हटले. सॉलोमन बिर्नबाउम यांनी १९२२ पासून हॅम्बुर्ग विद्यापीठात ती शिकवली; नाझी सत्तेवर येताच १९३३ मध्ये त्यांना देश सोडून लंडन गाठावे लागले. १९२५ मध्ये विल्ना (आजचे लिथुआनियातील विल्नियस) येथे ‘यिवो’ ही यिडिशची संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिचे एक संस्थापक मॅक्स वाइनराइख यांनी १९४० पासून न्यूयॉर्कमध्ये तिचे काम पुढे चालवले. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मात्र यिडिश अध्यासनाचा १९२७ मधील प्रस्ताव हिब्रू हीच ज्यूंची राष्ट्रभाषा मानणाऱ्यांच्या विरोधामुळे बारगळला. तेथे ते १९५१ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातील अध्यासन मॅक्स यांचे पुत्र उरिएल वाइनराइख यांच्याकडे आले. तोपर्यंत युरोपातील बहुतेक यिडिश भाषकांची हत्या झाली होती; एकट्या हंगेरीतून १९४४ च्या मे ते जुलै या काळात चार लाखांहून अधिक ज्यूंना, बहुतांशी ऑश्विट्झच्या मृत्युछावणीत, पाठवण्यात आले होते. ही मान्यता इतक्या उशिरा मिळाली, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

आज दोन्ही भाषा बहुधा वेगवेगळ्या विभागांत शिकवल्या जातात : हंगेरियन फिनो-उग्रिक (फिनिश, हंगेरियन इत्यादींच्या भाषाकुळाच्या) किंवा पूर्व युरोपीय अभ्यासात, यिडिश ज्यू किंवा जर्मन अभ्यासात. प्रशासनाच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची असली, तरी ईशान्य हंगेरीतील ज्यूंच्या इतिहासाला ती अपुरी पडते. त्या भागातील सात्मार (आज रोमानियात) येथून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आलेल्या हसिदी या सनातनी ज्यू पंथाच्या लोकांच्या घरात यिडिश आजही बोलली जाते आणि तिच्यात हंगेरियन शब्द टिकून आहेत. या बोलीचा गंभीर अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्ही भाषा शिकाव्या लागतात.