उरुशी आणि माकिए

उरुशी म्हणजे जपानमध्ये त्याच नावाच्या झाडापासून मिळणारा चीक. लाकडी भांड्यांवर, पेट्यांवर त्याचे पातळ थर चढवतात. ओल्या उरुशीने चित्र रेखून त्यावर सोन्याचांदीची पूड भुरभुरवली की ते ‘माकिए’. मराठीत या कामाला सरसकट ‘लाखकाम’ म्हणतात, पण ते फसवे आहे. आपल्याकडची लाख किड्यापासून मिळते. उरुशीचे झाड मात्र आम्रकुलातले, आंबा, काजू आणि बिब्ब्याचे भाऊबंद. कच्चा चीक लागला तर बिबा उतावा तसेच अंग उतते.

दहा-पंधरा वर्षे वाढवलेल्या झाडाला चिरा पाडून एका हंगामात सुमारे 200 ग्रॅम चीक मिळतो. मग झाड तोडतात. उरुशी उन्हात वाळवत नाहीत. तिच्यातले विकर (एन्झाइम) दमट हवेतच काम करते, म्हणून वस्तू ओलसर कपाटात ठेवून थर घट्ट होऊ देतात. इशिकावा प्रांतातल्या वाजिमा गावी पहिल्या थरांत स्थानिक मातीची भाजलेली पूड मिसळतात. तिथली भांडी टिकाऊ म्हणून नावाजलेली आहेत.

नक्षीत पाने-फुले फार, आणि त्यांत शरद ऋतूतल्या गवतांचे स्थान वेगळे. याचा उत्तम नमुना क्योतोचे कोदाइ-जी मंदिर. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी 1598 मध्ये वारल्यावर त्याची पत्नी नेने हिने 1606 मध्ये ते उभारले. तिथल्या माकिएत सुसुकी गवताची वाकलेली पाती, हागी या झुडपाच्या डहाळ्या आणि शेवंती काळ्या पृष्ठभागावर सोन्यात उमटतात. कारागिरांनी पूड भुरभुरवून बरेचसे काम तसेच सोडले, वर लेप देऊन घासत बसले नाहीत. पानांच्या शिरा ओल्या उरुशीत सुईने ओरखडल्या. पद्धत झटपट होण्यासारखी, पण हाताला दुरुस्तीची मुभा नाही, म्हणूनच या रेषा जिवंत वाटत असाव्यात. काही वस्तूंचा पृष्ठभाग नागमोडी रेषेने दुभागून एकीकडे गवत, दुसरीकडे किरी वृक्षाची राजचिन्हे काढलेली दिसतात. किरी हे हिदेयोशीचे चिन्ह.

पुढे चित्रकार ओगाता कोरिन (1658–1716) याने लेखनपेटीवर आयरिसची फुले शिंपल्याची आणि पूल शिशाचा केला. ‘इसे मोनोगातारी’ या जुन्या जपानी कथासंग्रहातल्या आठ फळ्यांच्या पुलाचा हा प्रसंग, मूळ कथेतला प्रवासी कोरिनने पेटीवर काढलाच नाही. ही पेटी तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.